केबलचे भुईभाडे आणि गावाची वाहिनी: अमेरिकेतील सामुदायिक दूरचित्रवाणीचा पैसा का आटतो आहे?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले आणि पुढच्याच महिन्यात हा निधी वाटणाऱ्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ या संस्थेने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. पीबीएस (सार्वजनिक दूरचित्रवाणी) आणि एनपीआर (सार्वजनिक रेडिओ) या नावांनी ओळखली जाणारी केंद्रे या निधीवर अवलंबून होती, त्यामुळे चर्चा त्यांचीच झाली. या गदारोळात एक गोंधळ मात्र सहज होतो. अमेरिकेतल्या गावोगावी चालणाऱ्या, नगर परिषदेच्या सभा आणि शाळेचे सामने दाखवणाऱ्या छोट्या वाहिन्याही याच निर्णयामुळे अडचणीत आल्या, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या वाहिन्या या निधीवर कधीच चालत नव्हत्या. त्यांचा पैसा वेगळ्याच झऱ्यातून येतो आणि तो झरा कोणताही ठराव न होता, गेली दहा-बारा वर्षे हळूहळू आटतो आहे.

न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपले केबलचे बिल नीट पाहिले, तर त्यांना तो झरा दिसण्याची शक्यता आहे. करांच्या आसपास कुठेतरी ‘फ्रँचायझी फी’ अशी एक ओळ असते. या लेखाचा विषय ती एक ओळच आहे.

गावाची वाहिनी म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत तिला ‘पब्लिक ॲक्सेस’ म्हणतात. केबल कंपनीच्या शेकडो वाहिन्यांपैकी दोन-तीन जागा गावासाठी राखून ठेवलेल्या असतात: एक सामान्य रहिवाशांसाठी, एक शाळा-महाविद्यालयांसाठी आणि एक स्थानिक प्रशासनासाठी. यापुढे या तिन्हींना मिळून आपण ‘सामुदायिक वाहिनी’ म्हणू.

यातला रहिवाशांचा भाग आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत नवलाचा वाटेल. गावात राहणारी कोणतीही व्यक्ती ही वाहिनी चालवणाऱ्या केंद्रात जाते, काही दिवसांचे प्रशिक्षण घेते, कॅमेरा घरी नेते किंवा स्टुडिओची वेळ नोंदवते आणि आपला कार्यक्रम तयार करून देते. केंद्राने तो आशयावरून नाकारायचा नसतो. ज्याने आधी अर्ज केला त्याला आधी वेळ मिळते आणि कार्यक्रमाची कायदेशीर जबाबदारी तो बनवणाऱ्याची असते. निवृत्त शिक्षिकेचा बागकामावरचा कार्यक्रम, हैतीहून आलेल्या लोकांचा त्यांच्या भाषेतला वार्तालाप, चर्चमधली रविवारची प्रार्थना, असे सगळे एकापाठोपाठ एक लागते. बर्नी सँडर्स व्हर्मांट राज्यातल्या बर्लिंग्टनचे महापौर होते, तेव्हा १९८६ ते १९८८ या काळात त्यांनी असाच एक कार्यक्रम केला होता. महापौर मॉलमध्ये उभे राहून लोकांना प्रश्न विचारत आहेत, हे दृश्य आजही त्या केंद्राच्या संग्रहात पाहायला मिळते.

प्रशासनाचा भाग दिसायला अगदीच कंटाळवाणा, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सहा राज्यांमधल्या, अनेक गावांत आजही ‘टाउन मीटिंग’ भरते, म्हणजे गावाचे अंदाजपत्रक मतदार स्वतः जमून मंजूर करतात. आपल्या ग्रामसभेची ही थोरली बहीण. ती सभा, नगर परिषदेची बैठक, शाळा मंडळाची बैठक, बांधकाम परवान्यांची सुनावणी, हे सगळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काटछाट न करता दाखवणारे दुसरे कोणीही नसते.

हे सुरू कसे झाले?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात खांद्यावर अडकवून नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा आला. त्याच सुमारास कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने कॅमेरा थेट लोकांच्या हाती देऊन त्यांच्या अडचणी त्यांनाच मांडू देण्याचा प्रयोग केला होता. त्या प्रयोगात काम केलेले जॉर्ज स्टोनी न्यूयॉर्कला परतले आणि १९७१ मध्ये रेड बर्न्स यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात ‘अल्टरनेट मीडिया सेंटर’ उभारले. त्याच वर्षी जुलैमध्ये मॅनहॅटनमध्ये लोकांसाठीच्या वाहिन्या सुरू झाल्या, कारण शहराने केबल कंपन्यांना परवाना देताना तशी अटच घातली होती.

१९७२ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाने हीच अट देशातल्या शंभर मोठ्या बाजारपेठांना लागू केली. कंपन्या न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला असा नियम करण्याचा अधिकारच नाही, असे सांगून तो रद्द केला. शेवटी काँग्रेसने १९८४ मध्ये केबल कायदा केला आणि आजचा सगळा डोलारा त्या कायद्यावर उभा आहे. स्थानिक प्रशासन केबल कंपनीकडे अशा वाहिन्यांची मागणी करू शकते, त्यांच्या आशयात कंपनीने ढवळाढवळ करायची नाही आणि प्रशासनाने कंपनीकडून किती पैसे घ्यायचे याला कमाल मर्यादा, अशी त्याची मुख्य कलमे. मर्यादा ठरली ती केबल सेवेतून मिळणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के.

पण कंपनीने गावाला पैसे का द्यायचे?

आपल्याकडच्या आठवडी बाजाराचा विचार करावा. भाजीवाला माल स्वतःचा आणतो, कष्ट स्वतःचे करतो, भाव स्वतः ठरवतो. तरीही ग्रामपंचायत त्याच्याकडून जागेचे काहीतरी घेते, कारण तो बसतो ती जमीन सगळ्या गावाची असते. ते भुईभाडे आहे. त्यात भाजीवाल्याला शिक्षा नाही आणि त्याच्या मालावर कर लावण्याचाही हेतू नाही.

केबल कंपनीची तार अशीच सार्वजनिक रस्त्यांखालून आणि रस्त्यांकडेच्या खांबांवरून जाते. रस्ता खणायचा, पुन्हा बुजवायचा, वर्षानुवर्षे त्या जागेतून धंदा करायचा, तर गावाला त्याचे भाडे हवे. ‘फ्रँचायझी’ म्हणजे गाव आणि कंपनी यांच्यातला हा जागावापराचा करार आणि ‘फ्रँचायझी फी’ म्हणजे त्याचे भुईभाडे. कायद्याने कंपनीला ही रक्कम ग्राहकाच्या बिलावर वेगळी दाखवण्याची मुभा दिली आहे आणि कंपन्या ती आवर्जून दाखवतात. त्यामुळे भाडे कंपनीकडून येते असे गाव म्हणते, तर ते आपल्याच खिशातून जाते असे ग्राहकाला वाटते. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

या व्यवस्थेतली पहिली फट येथेच आहे. भुईभाड्याचा पैसा सामुदायिक वाहिनीवरच खर्च करावा, असे कायदा कुठेही म्हणत नाही. तो गावाच्या सर्वसाधारण तिजोरीत जाऊ शकतो आणि तेथे पोलीस, बर्फ हटवण्याची यंत्रे आणि गळक्या नळवाहिन्या रांगेत उभ्या असतात. काही गावे पूर्ण रक्कम वाहिनीला देतात, काही निम्मी देतात, काही हातावर चार नाणी ठेवतात. जी वाहिनी नगर परिषदेवर कॅमेरा रोखून बसते, तिला दरवर्षी त्याच परिषदेपुढे अनुदानासाठी हात पसरावा लागतो. त्यामुळे केंद्रांचे लोक कंपन्यांच्या नावाने बोटे मोडतात ते योग्य असले, तरी निम्मी लढाई त्यांच्या स्वतःच्या गावच्या सभागृहात असते, असे मला वाटते.

मग पैसा आटतो कसा?

एक काल्पनिक गाव घेऊ. तेथे १०,००० घरांत केबल आहे आणि प्रत्येक घर महिन्याला ८० डॉलर देते. वर्षाचे उत्पन्न ९६ लाख डॉलर, त्याचे ५ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार डॉलर. एवढ्यात एक स्टुडिओ, चार-पाच पगारी माणसे आणि उपकरणे नीट चालतात. आता निम्म्या घरांनी केबल दूरचित्रवाणी बंद करून नेटफ्लिक्स आणि यूट्यूब पाहायला सुरुवात केली. भुईभाडे २ लाख ४० हजारांवर आले. स्टुडिओचे भाडे आणि परिषदेच्या सभा मात्र तेवढ्याच राहिल्या.

यात खरी मेख अशी आहे की ज्या घराने केबल सोडली, त्या घरात तार तशीच आहे. बहुतेक वेळा त्याच कंपनीची, त्याच रस्त्याखालून येणारी. तिच्यातून आता इंटरनेट येते आणि त्याचे पैसेही त्याच कंपनीला जातात. पण १९८४ च्या कायद्यातले भाडे ‘केबल सेवे’च्या उत्पन्नावर मोजले जाते आणि केबलमधून येणारे इंटरनेट ही केबल सेवा नसून ‘माहिती सेवा’ आहे, असे दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते वर्गीकरण मान्य केले.

ज्यांनी मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके पाहिले आहेत, त्यांना हे चटकन कळेल. समजा, नाका उघडा आहे, कारकून बसलेला आहे, ट्रकही तेच आहेत. फक्त पोत्यावरचे नाव बदलले आहे आणि नव्या नावाच्या मालावर जकात नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात खरोखरच बंद झाली, तेव्हा राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याची सोय केली होती. अमेरिकेतल्या गावांचा नाका कोणी औपचारिकपणे बंद केलेलाच नाही, त्यामुळे भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही.

ऑरेगन राज्यातल्या युजीन शहराने यावर सरळ उपाय करून पाहिला: तार तीच आहे तर इंटरनेटच्या उत्पन्नावरही ७ टक्के द्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. पण दूरसंचार आयोगाने ऑगस्ट २०१९ मध्ये एक आदेश काढून केबल कंपन्यांवर असे दुसरे भाडे लावण्यास मनाई केली आणि २०२१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने आदेशाचा तो भाग कायम ठेवला.

२०१९ च्या आदेशाची दुसरी धार

त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती आणि सामुदायिक केंद्रांना ती अधिक झोंबली. करारांमध्ये पैशांखेरीज काही गोष्टी फुकट देण्याचीही अट असे: शाळेत, ग्रंथालयात आणि अग्निशमन केंद्रात मोफत जोडणी, सरकारी इमारती जोडणारे जाळे, वगैरे. या वस्तुरूप मोबदल्याची किंमतही ५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजायची, असे आयोगाने ठरवले. घर भाड्याने देताना भाडे आणि शिवाय पाणीपट्टी असा करार असावा आणि मध्येच भाडेकरूने पाणीपट्टी भाड्यातून वळती करायला सुरुवात करावी, तसा हा प्रकार.

२०१८ च्या मसुद्यात तर सामुदायिक वाहिनीने व्यापलेल्या जागेचीही किंमत लावून ती वजा करण्याचा प्रस्ताव होता. तसे झाले असते तर गावांना वाहिनी हवी की पैसा, असे निवडावे लागले असते. त्यावर देशभरातून इतका विरोध झाला की अंतिम आदेशात आयोगाने तो मुद्दा पुढे ढकलला. अपील न्यायालयाने २०२१ मध्ये आणखी थोडा दिलासा दिला: फुकट सेवांची किंमत बाजारभावाने न लावता, ती सेवा देताना कंपनीला प्रत्यक्ष जो जादा खर्च येतो तेवढीच लावावी. टांगती तलवार मात्र अजून टांगलेलीच आहे.

कॅमेरा घ्या, पगार मागू नका

काही राज्यांत घाव आधीच बसला होता. टेक्सासने २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये करार करण्याचा अधिकार गावांकडून काढून राज्याकडे घेतला. नव्या कंपन्यांना गावोगावी वाटाघाटी कराव्या लागू नयेत, स्पर्धा वाढावी, हे त्यामागचे सांगितलेले कारण. कॅलिफोर्नियात सामुदायिक वाहिन्यांसाठी भुईभाड्याखेरीज आणखी १ टक्का घेण्याची सोय आहे, पण व्यवहारात तो पैसा उपकरणे आणि इमारत यांवरच खर्च करता येतो, पगारावर नाही. आमदार निधीतून शाळेची खोली बांधता येते, शिक्षक नेमता येत नाही, हे आपल्या परिचयाचे आहे. कंपन्यांवरचे स्टुडिओ चालवण्याचे बंधन नव्या कायद्याने गेले आणि २००८ सरताना लॉस एंजेलिसमधले पब्लिक ॲक्सेस स्टुडिओ बंद झाले. ज्या शहरात जगातला सर्वांत मोठा चित्रपट धंदा आहे, तेथे सामान्य माणसाला कॅमेरा देणारी खोली टिकू शकली नाही.

‘यूट्यूब असताना हे हवे कशाला?’

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि वरवर बिनतोड वाटणारा प्रश्न आहे. व्हिडिओ टाकायला जागा हवी एवढीच गरज असती, तर उत्तर खरोखरच ‘नको’ असे आले असते. बहुतेक केंद्रे स्वतःच आपले कार्यक्रम यूट्यूबवरही ठेवतात. पण नियोजन मंडळाची साडेतीन तासांची बैठक मंगळवारी रात्री कोणीतरी तेथे बसून, प्रत्येक वक्त्याचा आवाज नीट येईल असे पाहून चित्रित करावी लागते. ते काम यूट्यूब करत नाही. २००५ नंतर अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली आहेत. अनेक गावांत परिषदेच्या बैठकीला आता वार्ताहरच येत नाही आणि मागच्या बाकावरचा तो कॅमेरा हाच बाहेरून आलेला एकमेव साक्षीदार असतो.

दुसरे असे की वाहिनीची जागा कायद्याने मिळालेली आहे. यूट्यूबवरची जागा कंपनीच्या मर्जीची असते आणि गावातल्या कोणत्या घराला काय दिसावे, हे तिचे गणित ठरवते. अर्थात केबलवरही कंपनीची मर्जी आडवळणाने चालतेच. एटी अँड टी कंपनीने आपल्या यू-व्हर्स सेवेत सगळ्या गावांच्या वाहिन्या ९९ या एकाच क्रमांकामागच्या यादीत टाकल्या होत्या, आणि कार्यक्रमांची नावे पडद्यावरच्या सूचीत दिसावीत एवढ्या मागणीवरून व्हर्मांटमध्ये राज्याचे नियामक मंडळ आणि कॉमकास्ट कंपनी यांचा वाद २०१७ मध्ये न्यायालयात गेला.

‘वाटेल ते दाखवतात, मग मी पैसे का द्यावेत?’

वाटेल ते दाखवतात, हे खरेच आहे. १९८८ मध्ये कॅन्सस सिटीत कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने वाहिनीवर वेळ मागितली. नगर परिषदेने घाबरून वाहिनीच बंद केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये परिषदेने माघार घेऊन वाहिनी पुन्हा सुरू केली. ज्यांना ते विचार घृणास्पद वाटत होते, त्यांना उत्तर देण्यासाठी त्याच वाहिनीवर तेवढीच वेळ मिळत होती. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. मलाही ते पूर्ण समाधानकारक वाटत नाही, पण आवडत्या आशयापुरतीच खुली असलेली वाहिनी ही मुळात खुली नसते, एवढे मान्य करावे लागते. पुढे २०१९ मध्ये, मॅनहॅटनचे केंद्र चालवणारी खासगी संस्था म्हणजे सरकार नव्हे आणि म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे घटनात्मक बंधन तिच्यावर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यामुळे हा खुलेपणा आता राज्यांचे नियम आणि स्थानिक करार यांवर अधिक अवलंबून आहे.

‘मग नेटफ्लिक्सकडूनच घ्या की’

अनेक शहरांनी हेच केले आणि ती हरली. ओहायो आणि टेनेसी या राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०२२ मध्ये, आणि नेवाडा व आर्कान्सामधल्या शहरांच्या दाव्यांत केंद्रीय अपील न्यायालयांनी त्याच वर्षी, नेटफ्लिक्स आणि हुलू यांच्या बाजूने निकाल दिले. युक्तिवादांच्या छटा वेगवेगळ्या होत्या, पण कंपन्यांची मूळ भूमिका अशी की आमची तार रस्त्याखालून जात नाही, आम्ही दुसऱ्याच्या तारेतून येतो. बाजारात ओटा न घेता घरपोच भाजी देणाऱ्याकडून बाजाराचे भाडे मागता येत नाही. आहे त्या कायद्याच्या शब्दांत हे निकाल चुकीचे म्हणता येणार नाहीत. त्रुटी कायद्यातच आहे: तो तारेतून काय वाहते याचे भाडे घेतो. जमीन वापरल्याचे भाडे जमिनीच्या वापरावर मोजले असते, तर तारेत चित्रपट आहे, बातम्या आहेत की ईमेल, याने गावाला फरक पडला नसता.

आता काय चालले आहे?

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे स्ट्रीमिंग कंपन्यांच्या राज्यातल्या उत्पन्नावर ५ टक्के शुल्क लावून त्यातला वाटा सामुदायिक केंद्रांना देण्याचे विधेयक एकामागून एक अधिवेशनांत मांडले गेले. त्यामुळे ग्राहकांची बिले वाढतील, अशी कंपन्यांची हरकत आहे आणि ती खोटी नाही. व्हर्मांटने राज्याच्या तिजोरीतून तात्पुरता आधार दिला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सिनेटर एड मार्की यांनी, ५ टक्क्यांच्या मर्यादेत फक्त रोख रक्कम धरावी असे सांगणारे विधेयक वेळोवेळी मांडले, पण त्याचा कायदा झालेला नाही. दरम्यान काही केंद्रे चित्रीकरणाची कामे घेतात, देणग्या गोळा करतात, मुलांची शिबिरे चालवतात. पण या वाहिन्या बिगरव्यावसायिक असल्यामुळे जाहिरातींचा रस्ता त्यांना जवळपास बंदच आहे आणि शिबिराच्या शुल्कातून तंत्रज्ञाचा वर्षाचा पगार निघत नाही.

सामान्य रहिवाशाच्या हातात एक गोष्ट राहते. केबल कंपनीचा करार काही वर्षांनी संपतो आणि केंद्रीय कायद्यानुसार त्याच्या नूतनीकरणाची औपचारिक प्रक्रिया मुदत संपण्याच्या तीन वर्षे आधीपासून सुरू होऊ शकते. गावाला पुढच्या काळात कशाची गरज आहे, हे तीत नागरिकांना विचारायचे असते. त्या सुनावणीला बहुतेक वेळा मूठभर लोक येतात. मागच्या बाकावर केंद्राचा तंत्रज्ञ कॅमेरा लावून बसलेला असतो आणि स्वतःच्या पगाराचा निर्णय गावापर्यंत पोचवत असतो.